चहा येईपर्यंत गप्प राहणारे सुभेदार

सुभेदार दिनकर अण्णांच्या षष्ट्यब्दीपूर्तीच्या गौरव ग्रंथात मी लिहावं, असं समितीनं कळवलं तेव्हा माझी पत्नी मोठ्यानं हसली. "आवं, तुमी लिव्हणार? त्यांच्यावर? लय झालं!" तिला कारण ठाऊक आहे. सुभेदारांचा मला हेवा वाटतो. गेली कित्येक वर्षं वाटतो, आणि गौरव ग्रंथ असला तरी तो मी लपवणार नाही.

आमची ओळख त्यांच्याच बागेत झाली. पंधराएक वर्षांपूर्वी ते फौजेतून निवृत्त होऊन कुंडलकडच्या आमच्या शिवारात आले आणि ऊस मोडून त्यांनी द्राक्षं लावली. त्या काळी इथं द्राक्ष म्हटलं की लोक माझं नाव घेत. आम्हा बागायतदारांची एक रीत आहे. छाटणीनंतर दर शनिवारी सगळ्यांनी मिळून एकाच्या बागेत फेरी मारायची आणि दिसेल ती चूक तोंडावर सांगायची. कौतुक करायचं नाही. ज्याची बाग, त्यानं चहा येईपर्यंत चकार शब्द काढायचा नाही.

भल्याभल्यांना हे जमत नाही. पाऊस झाला, औषध भेसळीचं निघालं, गडी आले नाहीत. कारणं ओठांवर तयारच असतात. उभा जन्म हुकूम सोडलेले सुभेदार काय गप्प बसणार, असं मला वाटलं होतं. त्यांचा पहिलाच बहार होता, लेकरासारखा जपलेला. मी हात धुऊन मागं लागलो. म्हणालो, "आवं सुभेदार, वेलीनं पोसायचं तरी किती? निम्मं घड काढून टाका. हाव लय वाईट!"

ते ऐकत राहिले. चहा आला. आता उसळतील म्हणून आम्ही बघतोय, तर त्यांनी एवढंच विचारलं, "बापू, कुठला ठेवायचा आन् कुठला काढायचा, जरा दावता का?" दुसऱ्या दिवशी निम्मा बहार जमिनीवर पडला होता. गावानं त्यांना येड्यात काढलं. त्या हंगामात त्यांचे उरलेले मणी टपोरे होऊन परदेशी गेले, आणि माझा बारीक मण्यांचा माल गेला स्वस्तात बेदाण्याला.

हो, माझा! लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. भरल्या वेलीवरचा घड तोडायला माझा हातच होत नाही. तेव्हापासून पहिला मान सुभेदारांचा झाला आणि माझी बाग दरसाल मागं पडत गेली. शेवटी माझा मुलगा म्हणायला लागला, "बापू, बाग काढून टाकू. ऊस लावू." ज्या बागेनं मला नाव दिलं, तिच्यावर घरातूनच कुऱ्हाड आली.

बरं, सुभेदारांनी गर्व तरी करावा! आष्ट्याच्या बागायतदार मेळाव्यात गळ्यात हार पडल्यावर ते माइकवर म्हणाले, "ह्यात माझं कायबी न्हाई. बापूंनी चूक दावली, मी कात्री चालवली." टाळ्या पडल्या. मी मागच्या रांगेत बसून जळत होतो. श्रेय पळवणाऱ्यावर निदान चिडता तरी येतं. हे श्रेय हातात आणून देतात, मग माणसानं करायचं काय?

एकदा ऐन फवारणीच्या दिवसांत मी टायफॉइडनं पडलो, तेव्हा त्यांनी स्वतःची बाग ठेवून आधी माझी फवारली. बरा झाल्यावर आभार मानायला गेलो, तर म्हणाले, "ते ऱ्हाऊ द्या. माझी फवारणी कुठं कमी पडली ते सांगा." पानांच्या खालच्या बाजूला औषध पोचलं नव्हतं, ते मी दाखवलं. अण्णा खूश झाले! चूक दाखवल्यावर खूश होणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

आजवर दर फेरीत मी कारणं सांगून सुटलो होतो; यंदा पुन्हा फेरी माझ्या बागेत आली. सुभेदारांनी मांडवाखाली थांबून वर पाहिलं. "बापू, निम्मं काढा. तुमीच शिकीवलंय." मी उत्तर द्यायला तोंड उघडणार, तोच शेतातल्या घराच्या दारातून पत्नी ओरडली, "चहाला अजून येळ हाय!" सगळे खोखो हसले. चहाला तिनं मुद्दाम एवढा उशीर लावला, की मला सगळ्यांचं सगळं ऐकावं लागलं. गप्प बसल्यावर माझी कारणं मलाच पोकळ वाटायला लागली.

सकाळी मी कात्री घेतली. सुभेदार न बोलावता आले आणि शेजारच्या ओळीत उभे राहिले. पहिला घड तोडताना माझे डोळे भरून आले. "लय जिवावर येतंय अण्णा," मी म्हणालो.

"मलाबी आलं व्हतं," ते म्हणाले. "तुमी गेल्यावर रडलो."

हे त्यांनी इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. दुपारपर्यंत आम्ही दोघांनी ओळी संपवल्या.

आता मणी चांगले फुगलेत. मुलानं उसाचं नाव काढलेलं नाही. सुभेदार अण्णांनी शंभरी गाठावी, त्यांचे गुडघे धड राहावेत, कान असेच तीक्ष्ण राहावेत, आणि आजारी तर मुळीच पडू नये. यंदा मला त्यांना मागं टाकायचं आहे. आजारी माणसाला हरवून माझी जळजळ काही थांबायची नाही.