खालची पट्टी

परवा माळ्यावर ट्रान्झिस्टरचं जुनं कातडी कव्हर सापडलं आणि त्याच्या वासाबरोबर सत्तरीच्या दशकातली तासगावची एक संध्याकाळ आठवली. फौजेतला काका सुट्टीवर आला होता. अंगणात बाजेवर बसून तो इंग्रजी गाणी ऐकायचा. त्या दिवशी एक बाई गात होती, आवाज अगदी माझ्यासारखा जाड, घोगरा. निवेदकाने सांगितलेली तिची हकीकत काकाने मला आमच्या बोलीत ऐकवली. "स्कॉटलंडची हाय. खाणीतल्या मजुराची पोर. ह्या आवाजापायी लय ठिकाणांवरनं परत धाडली तिला, पर गात राहिली. आता तिच्या तबकड्या दुकानात उरत न्हाईत." त्याच आठवड्यात शाळेच्या संमेलनाच्या तालमीत गाण्याच्या सरांनी मला समूहगीतात मागे उभं केलं होतं आणि नुसते ओठ हलवायला सांगितलं होतं. काकाकडून ते ऐकलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी सरळ सरांच्या पेटीपाशी गेले. "सर, मला एकटीला गायचंय. पट्टी तेवढी खाली घ्या." "अगं, सगळ्या मुली ह्याच पट्टीत गातात." "माझा आवाज तितं चढत न्हाई. खाली घ्या, मग बघा." मागे पोरी हसल्या. मी जागची हलले नाही. सरांनी बोटं खालच्या सुरावर नेली. मी डोळे मिटून अख्खं गाणं म्हटलं. पुढे संमेलनात टाळ्या किती पडल्या, ते आज आठवत नाही, पण त्या दुपारी सरांनी "दुसरं कुठलं येतं?" असं विचारलं आणि मी न सांगता त्यांनीच पेटीवर तीच खालची पट्टी धरली, एवढं पक्कं आठवतं.