वरच्या सुरांचा कागद

माझा मामा अकरा वर्षं एका पॉप बँडमध्ये गिटार वाजवायचा. त्यांची दोन गाणी सगळ्यांना पाठ होती; बाकीची फक्त मामीला, तीही नाइलाजाने. स्टेजवर त्याची जागा ठरलेली, ड्रमच्या सिंबलला, त्या कर्कश पितळी झांजेला, अगदी खेटून.

बँड फुटला आणि मामा संगीतकार झाला. चाल स्वतःची असो की दुसऱ्याची, कुठल्या वाद्याने काय वाजवायचं ते तो पेन्सिलीने लिहून द्यायचा आणि खोडरबराचा चुरा बनियनवर घेऊन जेवायला यायचा. एवढं खोडायचंच असतं तर लिहिता कशाला, असं मामी विचारायची. पण त्याच्या व्हायोलिनच्या ओळींचं नाव झालं होतं. घर त्यावरच चाललं होतं.

एका रेकॉर्डिंगला एक नवी व्हायोलिनवाली आली आणि तिने कागदावर होतं तसंच वाजवलं. सूर इतका उंच आणि कर्कश की काचेपलीकडे रेकॉर्डिस्टने हेडफोन उपटून काढला. मामा मजेत मान डोलवत होता. मग त्याला रेकॉर्डिस्टचा चेहरा दिसला. मामाने जुन्या वादकांनाही लिहिल्याबरहुकूम वाजवायला सांगितलं, तर सगळे जमिनीकडे बघायला लागले.

शेवटी मुख्य व्हायोलिनवादक बाईंनी सांगून टाकलं. दोन वर्षं मामाच्या ओळी वर वर चढत होत्या, आणि ही मंडळी आपसात खूण करून खालच्या सप्तकात, हळू वाजवत होती. सिंबलशेजारच्या अकरा वर्षांनी मामाला वरचे सूर ऐकूच येईनासे झाले होते, म्हणून तो आणखी वर लिहीत होता. म्हणजे ज्या ओळींवर त्याचं नाव होतं, त्या त्याच्या नव्हत्याच.

"मला सांगायचंत तरी."

"सांगितलं असतं तर तुम्ही लिहिणं सोडलं असतंत, दादा."

तीन आठवडे मामाने पेन्सिलीला हात लावला नाही. मामीनेही काही विचारलं नाही, आणि मामी विचारत नाही म्हणजे प्रकरण गंभीर, हे घरात कुणाला सांगावं लागत नाही.

मग त्यानेच बाईंना फोन केला. आता तो गिटार, चेलो, बास अशा खालच्या सुरांच्या ओळी लिहितो आणि वरच्या ओळी कोऱ्या सोडतो. त्या ओळी बाई भरतात. कागदावर दोघांची नावं असतात, बाईंचं आधी. नक्की काम कोणाचं, असं विचारून काम देणाऱ्या काही जणांनी पाठ फिरवली. मामा त्यांना खरं तेच सांगतो.

लिहून झालं की बाई वाजवून दाखवतात. मामा समोर बसून त्यांच्या बोटांकडे बघतो. बोटं व्हायोलिनच्या पट्टीवर वर सरकत जातात, एका जागी त्याला ऐकू यायचं थांबतं, आणि तिथून पुढे तो नुसता बघत राहतो.