तलावात सुटलेलं वल्हं

लग्नानंतरचा माझा दुसरा उन्हाळा होता. धुळ्यात मे महिन्यात दुपारी नळालासुद्धा हात लावता येत नसे, म्हणून सासऱ्यांनी चार दिवस तोरणमाळला जायचं ठरवलं. सासरे, नवरा, मी, मोठ्या नणंदबाई आणि त्यांची सहा वर्षांची मुलगी असे आम्ही पाच जण निघालो.

सासऱ्यांना सगळे आबा म्हणत. सोनगीरच्या मळ्यातल्या विहिरीत उड्या मारून वाढलेला माणूस. साठी उलटली होती, तरी पाणी दिसलं की त्यांना राहवत नसे. पोहता मलाही येत होतं. पाचोऱ्याला वडिलांनी पाठीला सुका भोपळा बांधून शिकवलं होतं. सासरी मात्र मी हे कधी बोलले नव्हते. सुनेनं असं काही सांगायचा प्रसंगच येत नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर आम्ही तलावावर गेलो. तिथे भाड्याच्या दोन नावा होत्या. नावाडी आमच्याबरोबर यायला तयार होता, पण आबांनी त्याला थांबवलं. म्हणाले, वल्हवायला माझे हात काय मोडलेत? नात हट्टानं त्यांच्याबरोबर बसली, आणि तिला धरायला कुणीतरी हवं म्हणून नणंदबाईंनी मला पाठवलं. त्या आणि माझा नवरा काठावर थांबले.

तलावाच्या मध्याच्या थोडं पुढे गेलो असू, तेवढ्यात वारा सुटला. नाव आडवी फिरली आणि आबांच्या हातातलं एक वल्हं निसटलं. बघता बघता ते दहा हातांवर गेलं. मी म्हटलं, आबा, जाऊ द्या, एका वल्ह्यानं नेऊ. त्यांनी ऐकलं नाही. सदरा काढला आणि धोतरावरच पाण्यात उतरले.

ते वल्ह्याजवळ पोचले, पण वल्हं धरायच्या आधीच त्यांचा चेहरा बदलला. हात पाण्यावर आपटू लागले. एकदा डोकं खाली गेलं, वर आलं.

"मना पाय आखडना," ते म्हणाले. मोठ्यानं नाही, पाय आखडल्याचं स्वतःलाच अहिराणीत सांगितल्यासारखं.

उरलेलं वल्हं मी पाण्यात मारून बघितलं. नाव जागच्या जागी गोल फिरली आणि वाऱ्यानं उलट त्यांच्यापासून लांब गेली. काठाकडे हाका मारल्या. तिकडून नावाडी दुसरी नाव सोडत होता, पण त्याला यायला वेळ लागणार होता, आणि आबांचं डोकं दुसऱ्यांदा खाली गेलं.

पोरगी माझ्याकडे बघत होती. तिला पोहता येत नव्हतं. मी उतरल्यावर ती उभी राहिली, वाकली, तर तिला धरायला कुणी नसणार होतं. आणि पाचवारी साडी पायात अडकून मीच बुडाले असते, हेही मला कळत होतं. मी साडी सोडली. सासऱ्यांसमोर, काठावरच्या माणसांसमोर. तिचा बोळा करून पोरीच्या मांडीवर दिला आणि तिला नावेच्या तळाशी बसवलं.

"ही घट्ट धरून बस. मी सांगेपर्यंत उठायचं नाही."

तिनं मान हलवली. मी हातातलं वल्हं घेऊन उडी मारली.

बुडणारा माणूस जवळ येणाऱ्याला मिठी मारतो, हे वडिलांनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. म्हणून मी चार हातांवर थांबले आणि वल्ह्याचं टोक पुढे केलं.

"आबा, मला धरू नका. वल्हं धरा."

ते माझ्याकडेच हात लांबवत होते. मी मागे सरकले. बुडणाऱ्या सासऱ्यांपासून मी लांब जात होते. पुन्हा तेच सांगितलं. या वेळी त्यांच्या बोटांना लाकूड लागलं, आणि मग त्यांनी ते दोन्ही हातांनी कवटाळलं. त्यांना ओढत न्यायची ताकद माझ्यात नव्हती. फक्त पाण्यावर ठेवता येत होतं. एकीकडे मी नावेकडे बघत होते. पोरीचं डोकं दिसत नव्हतं. ती बसली होती की पडली होती, हे कळायला मार्ग नव्हता.

नावाडी आणि माझा नवरा आले. त्यांनी आधी आबांना वर घेतलं, मग मला, आणि मग आमची नाव गाठली. पोरगी तळाशी बसलेली होती, साडीचा बोळा छातीशी धरून.

काठावर नणंदबाईंनी मुलीला उराशी घेतलं. मग स्वतःच्या पिशवीतली कोरडी साडी काढून माझ्याभोवती गुंडाळली.

"ती उठून उभी राहिली असती तर?" त्या म्हणाल्या.

आबा जमिनीवर पाय लांब करून बसले होते, नावाडी त्यांची पोटरी चोळत होता. ते मान वर न करता लेकीला म्हणाले, "तिले काही बोलू नको. चूक मनी शे."

उरलेल्या दोन दिवसांत नणंदबाईंनी मुलीला एकदाही माझ्याजवळ सोडलं नाही, आणि मला त्यांचा राग आला नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही सोडलं नसतं. पुढे वर्षभरात आमचं बोलणं पूर्ववत झालं. त्या प्रश्नाचं उत्तर मात्र त्यांनी पुन्हा मागितलं नाही, आणि मला अजून सापडलेलं नाही.