काकांची दोन पाती

इंचभर पोलादाचा आमच्या कारपूलच्या काकांइतका विचार जगाच्या पाठीवर कुणीही केला नसेल. काका मूळचे नागपूरचे. तीस वर्षं इथे अमेरिकेत, कॅरी गावात आहेत आणि एका औषध कंपनीत क्वालिटीचं काम बघतात. मी त्याच कंपनीत, दोन मजले खाली. मला अजून गाडी नाही, त्यामुळे रोज सकाळी सव्वासातला मी त्यांच्या शेजारच्या सीटवर असते आणि ऑफिस येईपर्यंत सुटका नसते. काका धनुष्यबाणाने हरणाची शिकार करतात. म्हणजे करायचे. गेली दोन वर्षं जंगलात त्यांनी एकही बाण सोडलेला नाही, कारण बाणाच्या टोकाला कुठलं पातं लावायचं हे त्यांचं ठरत नव्हतं.

पाती दोन प्रकारची. फिक्स्ड, म्हणजे कायम उघडी. आणि मेकॅनिकल, म्हणजे उडताना मिटलेली आणि लागल्यावर उघडणारी. हे मला आता माझ्या व्हिसाच्या अटींपेक्षा पक्कं पाठ आहे. "फिक्स्ड म्हणजे भरवसा. नो मूव्हिंग पार्ट्स," काका सिग्नलला थांबून म्हणतात, "पण वाऱ्यात भरकटतं ना यार. मेकॅनिकल सरळ जातं, जखम मोठी, जनावर तडफडत नाही, लगेच जातं. पण उघडलंच नाही तर?" सिग्नल हिरवा होतो, मागचा हॉर्न देतो, काका माझ्याकडेच बघत असतात. मला बोलायला मुळात वेळ लागतो. मी "बघा ना काका" एवढं म्हणेपर्यंत ते दुसऱ्या पात्याची बाजू घेऊन सुरू झालेले असतात.

क्वालिटीचा माणूस, त्यामुळे सगळं टेस्ट करून. बॅकयार्डात इंडियन स्टोअरमधले दुधीभोपळे टांगून त्यांच्यावर बाण मारायचे आणि प्रत्येकाला लेबल लावायचं : "सॅम्पल चार, मेकॅनिकल, पास." टेस्ट झालेले भोपळे काकू किसायला घेतात. मी जेवायला गेले की काका कोफ्त्याकडे बोट दाखवून "हा फिक्स्डचा" असं सांगतात. एकदा काकू वैतागल्या, "अहो, त्या हरणालाच विचारा ना एकदा, कुठलं हवं ते!"

"त्याच्यासाठीच तर चाललंय," काका म्हणाले आणि ताटात बघत राहिले.

नंतर किचनमध्ये काकूंनी मला सांगितलं. दोन वर्षांपूर्वी मेकॅनिकल पातं उघडलं नाही, हरीण नुसतं जखमी होऊन झाडीत शिरलं. काका दोन दिवस रजा टाकून शोधत होते. ते सापडलं नाही. "आता एकदा तरी नीट झाल्याशिवाय हे काही सोडणार नाहीत," काकू म्हणाल्या, "आणि तोवर मला दुधी."

यंदा निर्णय खांद्याने घेतला. काकांचा उजवा खांदा धरला आणि डॉक्टरांनी ओढायला हलकं धनुष्य वापरायला सांगितलं. हलक्या धनुष्याच्या बाणात पाती उघडून शिवाय आत शिरण्याइतका जोर उरत नाही. "म्हणजे फिक्स्ड," काका पार्किंगमध्ये गाडी लावता लावता म्हणाले. "आणि हा लास्ट सीझन." मला हायसं वाटलं. खोटं कशाला सांगू?

शनिवारी सकाळी त्यांचा फोन आला. "लागलाय! चांगला लागलाय असं वाटतं. पण रक्ताचा माग मला नीट दिसेना. तुझे डोळे चांगले आहेत. येतेस?" काकूंनी मला जंगलाच्या कडेपर्यंत सोडलं आणि त्या गाडीतच बसून राहिल्या.

पाइनच्या वाळक्या काड्यांवर थेंब शोधत मी पुढे, काका मागे. "दिसतंय?" दर चार पावलांनी. ओढ्याच्या अलीकडे मला हरीण दिसलं. पडलेलं, डोळे उघडे. मागच्या पायांभोवतीचा पाचोळा बराच वेळ पाय झाडल्यासारखा खरवडून निघाला होता, खालची काळी माती अर्धगोलात वर आली होती. काका धापा टाकत येत होते. मी बुटाने थोडी पानं ओढली आणि त्या मातीवर उभी राहिले.

काका उकिडवे बसले. त्यांनी हरणाच्या मानेवर हात ठेवला.

"लगेच गेलं ना गं?" त्यांनी वर न बघता विचारलं. "तू आधी पोचलीस. तुला काय वाटतं?"

"हो काका. लगेच."

त्यांनी चष्मा काढून पुसला. खांद्यामुळे त्यांना उठता येईना, म्हणून मी हात पुढे केला. पाय मात्र जिथे होते तिथेच ठेवले.