ज्योत हलू नये म्हणून

खामगावात आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारी ही बाई स्वयंपाकघरात बसून चांदीच्या पैंजणांना घुंगरू जोडते. हातात चिमटा, तोंडात फुंकणी. फुंकर मारून दिव्याची ज्योत घुंगरावर नेली की जोडाचा डाख वितळतो आणि पिवळट धूर तिच्याच तोंडावर येतो. खोकला आला तरी डाख बसेपर्यंत ती तो दाबून धरते. मग फुंकणी खाली ठेवते, पोटभर खोकते आणि पुढचं घुंगरू उचलते. हल्ली नळावरून बादली आणतानाही ती दम लागून वाटेत बसते.

डॉक्टरकडे तिला मीच नेलं. डाखातल्या धातूचा धूर फुप्फुसात बसलाय, काम सोडा, निदान खिडकी उघडी ठेवा, असं ते म्हणाले. तिने मान डोलावली. दुसऱ्या दिवशी गेले, तर खिडकी बंद आणि पंखाही बंद.

"काऊन वं? डॉक्टर काय म्हनले?"

"हवा आली की ज्योत हालते, वैनी. डाख पसरला का माल वापस येते. डॉक्टरले थोडीच घुंगरं जोडा लागते."

मी एक्झॉस्ट फॅन आणून बसवला. तिने तो कौतुकाने पुसला, मला चहा पाजला आणि मी उठायच्या आत त्यावर पुठ्ठा लावला.

आता मी भांडत नाही. परवा तिच्याकडे बसले होते, तेव्हा दारातून झुळूक आली आणि ज्योत थरथरली. तिच्या तोंडात फुंकणी होती, घशात दाबलेला खोकला. तिने डोळ्यांनीच दाराकडे खूण केली.

मी उठले आणि दार घट्ट लावून घेतलं.