“मी हाय ना” म्हणणारी मॅडम

अंगठा लावला तर हजेरीच्या मशीनीत लाल लाइट. ओढणीला पुसून पुन्हा लावला, पुन्हा लाल. मागं सकाळच्या पाळीच्या बायांची रांग, कडेवर माझं लेकरू, आन एक बाई मागून वरडतीय, “सरक ना गं, पंचिंग चुकंल आमचं!”

गेटवरच्या चाचानं कम्प्युटरात बघितलं. मग माझ्याकडं बघितलंच नाय, लेकराकडं बघून बोलले, “नाम तो है बेटी. मगर सामने लिखा है, काम छोड के भाग गई.”

“मी? चाचा, मी कुठं पळाले? मी मॅडमला सांगून घरी बसले. मॅडमला बोलवा!”

“मॅडम तो गई. पुना. बडी पोस्ट पे.”

कानात भुंगा शिरल्यावाणी झालं. काल राती नवऱ्याला मोठ्या तोऱ्यात सांगितलं व्हतं, उद्यापासून माझी नोकरी चालू. तो टेम्पोवर हाय. त्याचं एकच म्हणणं, तुझी नोकरी ऱ्हायली तर वाळूजची खोली ठेवू, नायतर लेकरू घेऊन तू गावाकडं, माझ्या आईसंगं शेळ्यांमागं. आन मी म्हणले व्हते, काळजी नाय, मॅडम हाय ना.

तुमी म्हणाल कोण ही मॅडम. आमच्या कंपनीत एच आरला व्हती. म्हंजे माणूस कामाला घेणारं आन काढणारं खातं. तुमच्याबी कंपनीत आसंल अशी एखादी. ती बोलायच्या आधी पेनाचं टोपण टक्कन लावायची, आन म्हणायची, “मी हाय ना.” पगारात खाडा दिसला, मी हाय ना. सुपरवायझर शिव्या देतो, मी हाय ना. ते टक्क ऐकलं का आमचं निम्मं दुखणं कमी व्हायचं, खरं सांगते.

मी नववी नापास. वायरीच्या जुड्या बांधायच्या लायनीवर पहिल्या दिवशी वेणी टोपीभायेर लोंबत व्हती. ही वरून खाली आली, माझी वेणी धरली आन सोताच्या हातानं टोपीत कोंबली. “आत घाल गं बये, नायतर वायरीसंगं तूबी जुडीत बांधली जाशील!” समद्या हसल्या. मीबी हसले. तवापासून मी तिची.

चाचा सांगायचे, ही चितेगावहून आलेली पोरगी, आधी गेटवरच्या खोलीत बसून हजेरी मांडायची. मग पायरी पायरीनं चढत वरच्या काचेच्या केबिनात. दर पायरीला आमच्या लायनीवर नानखटाईचा डबा यायचा. खाता खाता एकदा बोलली, “आमच्या धंद्यात एका खुर्चीवर तीन वर्षं झाली का माणूस शिळा होतो गं. जागा बदलली तरच भाव.”

मी इचारलं, “आन आमी, मॅडम?”

“तुमी हितंच ऱ्हायचं. तुमचं लोणच्यासारखं, मुरलं का चव!”

लई हसलो आमी. लोणचं म्हणली तर काय वाईट वाटायचंय?

मला सातवा लागला. मला माय नाय, सासू गावाकडं, ओटी कोण भरणार? तर एक दिवस कपडे बदलायच्या खोलीत मॅडम खण-नारळ घेऊन आली. हिरवागार खण. मला बाकड्यावर बसवलं, कुंकू लावलं, ओटीत गहू घातले. माझे डोळे गळायला लागले तर माझ्याच ओढणीनं पुसले तिनं. आन तसंच वाकून कानात म्हणली, “सुट्टीचं तोंड काढू नको बरं का. पोटुशी बाई रजा मागती म्हणलं का वरचे कंत्राटदाराला सांगून नाव काटतेत. गुपचूप घरी बस. बाळ झालं का घेऊन ये, मी आत घेते. मी हाय ना.”

ओटीत नारळ घेऊन कोण सवाल करतं का? मी मान हलवली.

तर आज गेटवरनं चाचानं वर सोडलं. तीच काचेची केबिन, तीच खुर्ची, त्यात नवा सर. ऐकून घेतलं त्यानं. मग म्हणला, “ताई, तुमच्यासारख्या बऱ्याच जणींच्या नावापुढं ‘पळून गेली’ लिहिलं आहे. बाळंतपणाच्या पगारी रजेवर एकही बाई नाही म्हणून तर तुमच्या मॅडमचं वर कौतुक झालं. त्या जोरावर पुढची जागा मिळाली.”

म्हंजे मी तिची पायरी. समद्यांना एकच टक्क.

“त्यांनीच घरी बसायला सांगितलं, एवढं मोठ्या साहेबांसमोर बोला, ते येतीलच आता. आज तुमचं नाव चालू करतो. मग त्यांचं तिकडं काय व्हायचं ते होईल.” त्यालाबी त्या खुर्चीवरून वर चढायचंय, एवढं मला कळत व्हतं.

पाणी पिऊन येते म्हणून भायेर गेले आन मॅडमला फोन लावला. उचलला की तिनं!

“झालं का गं? काय झालं, मुलगा का मुलगी?”

“मॅडम, मी पळून गेली म्हणून लिवलंय हो.”

पलीकडून टक्क. बोलणंबी आता पुण्याचं झालेलं.

“हे बघ, माझं नाव घेऊ नकोस. इथं मी अजून पक्की नाही, घरात आईचं आजारपण आहे, ही जागा गेली तर मी कुठंच राहणार नाही. थोडी थांब, तुला दुसरीकडं लावते. ऐकतेस ना? मी आहे ना.”

माझ्या तोंडातून सवयीनं “व्हय मॅडम” निघालं. फोन कट.

लेकराच्या डोक्यावर टोपडं हाय, तिच्याच खणाचं, मीच हातानं शिवलेलं. तिला दावायचं म्हणून आज घातलं व्हतं. त्यानं त्याची नाडी तोंडात घेऊन पार वली केलेली.

आत मोठं साहेब येऊन बसलेलं. सर म्हणला, “हं ताई, बोला, कोणी सांगितलं तुम्हाला घरी बसायला?”

तिची खुर्ची माझ्यापुढं. घरी नवरा वाट बघतोय. मी तोंड उघडलं.

तुमी असता, तर काय केलं असतं?