सहा लॅपटॉप आणि एक सही

अक्का रोज सकाळी दुकानामागच्या मोकळ्या जमिनीत तांब्याभर पाणी ओतायच्या. तिथे झाड नव्हतं, तुळस नव्हती. कोळसा आणि मीठ भरलेल्या खड्ड्यात तांब्याची पट्टी पुरलेली होती. तिच्यापासून निघालेली वायर अक्कांच्या मनगटावरच्या पट्ट्याला जोडलेली असे. अंगात साठलेली वीज लॅपटॉपमध्ये न जाता जमिनीत उतरावी, म्हणून हा खटाटोप. तळोद्यात त्यांना 'वायरवाली अक्का' म्हणत. बाई काय लॅपटॉप दुरुस्त करणार, म्हणून हसलेले लोकही पुढे त्यांच्याकडेच येऊ लागले.

थंडीत हवा कोरडी पडली की स्वेटर, नायलॉनचं जाकीट दाराबाहेरच्या खुंटीला अडकवावं लागे. एका बड्या केळी बागायतदाराने कुरकुर केली, तेव्हा अक्का मान वर न करता म्हणाल्या, "भाऊ, आपले जो झटका कळस नई, तोच या मशीनले मारी टाकस." त्याने जाकीट काढून खुंटीला अडकवलं.

मी सातपुड्यातल्या एका शाळेत शिक्षिका. शाळेला दहा लॅपटॉप मिळाले होते. डिसेंबरात पुरवठादाराचा माणूस मेमरी वाढवायला आला. जाकीट न काढता, प्लॅस्टिकच्या चटईवर बसून त्याने सहा लॅपटॉप उघडले. मेमरीच्या पट्ट्या सहाच होत्या, म्हणून चार तसेच राहिले. आठवड्याभरात ते सहाही बंद पडले. पुरवठादाराने शिक्षण खात्याच्या कचेरीत लिहून दिलं, 'मुलांच्या हाताळणीमुळे बिघाड'. शाळेकडून दहाही लॅपटॉप काढून घ्यायचं ठरलं. कचेरीची दुरुस्ती अक्कांकडे असल्याने तपासणीची सही तेवढी त्यांची हवी होती.

अक्कांनी सहाही उघडले. नवी पट्टी काढून चांगल्या लॅपटॉपमधली बसवली की प्रत्येक लॅपटॉप सुरू होत होता.

कचेरीत साहेबांनी पुरवठादाराचा तो कागद सहीसाठी पुढे सरकवला. मी शेजारीच बसले होते, समोर पुरवठादार.

"पोरेसनी दहाही लॅपटॉप वापरात," अक्का म्हणाल्या. "मंग याना मानूसनी उघाडात तेच सहा कसा बिघडनात?"

"डोंगरातली पोरं, कशीही हाताळतात," पुरवठादार म्हणाला.

"पोरे अनवाणी जमीनवर बठतस, अंगनी वीज जमीनमा उतरी जास. तुन्हा मानूस प्लॅस्टिकवर बठेल व्हता."

साहेब हळूच म्हणाले, "अक्का, पुढची कामं हवीत ना?"

"काम बंद करा साहेब. मी खोटं लिखस नई."

त्यांनी तिथेच कोरा कागद मागून घेतला आणि जे दिसलं ते लिहिलं. खाली सही केली. मग कागद माझ्याकडे दिला. त्यांच्या सहीखाली मीही केली.

लॅपटॉप शाळेत राहिले. पुरवठादाराला पट्ट्या बदलून द्याव्या लागल्या आणि त्या अक्कांनी स्वतः जीपने वर येऊन बसवल्या. कचेरीचं काम मात्र थांबलं. वर्षभरात दुकान उठलं आणि अक्का भावाकडे विसरवाडीला हायवेवर मोबाईल दुरुस्तीला बसायला निघाल्या. टेम्पोत सामान चढत होतं. मी म्हणाले, "माझ्या शाळेपायी झालं हे."

"तुमनामुळे काहीच नई, मॅडम. त्या कागदवर सही करी देती ते दुकान ऱ्हातं. पन मंग त्या पोरेसले तोंड कसं दखाडती?"

आता बैठकीत कुणी 'डोंगरातली पोरं' म्हणून सुरुवात केली की मी उभी राहते. कुठल्या पोरांनी, नेमकं काय केलं, ते विचारते. उत्तर मिळेपर्यंत खाली बसत नाही.